गेम अपडेट केला की लेव्हल पुसल्या जातात?

"गेम अपडेट करू नका, जिंकलेल्या सगळ्या लेव्हल जातात," हा मेसेज ठाण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर अधूनमधून फिरत असतो. भीती समजण्यासारखी आहे. ठाणे-वाशी लोकलमध्ये उभ्याउभ्या खेळून मिळवलेलं कोण घालवेल?

अँड्रॉइडवर गेम आणि तुमची प्रगती वेगवेगळ्या जागी असतात. अपडेटमध्ये गेमची फाइल बदलते, स्कोअर आणि नाण्यांचं फोल्डर तसंच राहतं. मात्र अपडेटवर बनवणाऱ्याची डिजिटल सही आधीचीच असावी लागते. दुसरीकडून उतरवलेल्या फाइलची सही जुळली नाही, तर फोन ती घेतच नाही. मग लोक जुना गेम काढून नवा टाकतात आणि खरा घोळ इथे होतो. अनइन्स्टॉल केलं की ते फोल्डरही जातं. खापर फुटतं अपडेटवर.

एक अपवाद आहे. हौसेने गेम बनवणाऱ्याने 'स्कोअर' नावाने साठवलेला आकडा नव्या आवृत्तीत 'गुण' नावाने शोधला, तर फाइल शाबूत असूनही पडद्यावर शून्य दिसतं. अशा वेळी गेम उडवू नका, बनवणाऱ्याला कळवा. पुढच्या अपडेटमध्ये हे बहुधा दुरुस्त होतं.

पडताळायचं असेल तर सेटिंग्जमध्ये त्या गेमचं स्टोरेज उघडा आणि डेटाचा आकडा अपडेटआधी व नंतर बघा. तो एकदम शून्यावर येत नाही. तिथलं 'क्लिअर कॅशे' दाबलं तरी चालतं. शेजारच्या 'क्लिअर डेटा'ला मात्र बोट लावू नका.