वीस नॅनोमीटरची फट

चेतापेशीतून धावत आलेला विजेचा संदेश तिच्या टोकाशी पोचतो आणि तिथेच संपतो. पुढची पेशी समोरच असते, पण दोघींच्या मध्ये साधारण २० नॅनोमीटरची फट असते. केसाच्या जाडीत अशा काही हजार फटी सहज मावतील. तरी मेंदूतल्या बहुतेक सिनॅप्समध्ये, म्हणजे दोन पेशींच्या अशा जोडांवर, वीज ती ओलांडत नाही. पलीकडे जातं ते रसायन.

हे रसायन आधीच पिशव्यांत भरून ठेवलेलं असतं. एकेक पिशवी जेमतेम ४० नॅनोमीटर व्यासाची, पण तिच्यात हजारो रेणू. काही पिशव्या पेशीपटलाला खेटून, सुटायच्या तयारीतच बसलेल्या असतात. स्नेअर नावाची प्रथिनं दोरीला पीळ द्यावा तशी एकमेकांत गुंतून त्यांना पटलाशी ओढून धरतात. वीज आली की पटलातली कॅल्शियमची दारं उघडतात. बाहेर कॅल्शियम आतल्यापेक्षा दहा हजार पटींहून जास्त, त्यामुळे ते आत लोटतं आणि सिनॅप्टोटॅग्मिन या प्रथिनाला चिकटतं. लगेच पिशवी पटलात मिसळून उघडते आणि रेणू पलीकडच्या ग्राहींना, म्हणजे ते टिपणाऱ्या प्रथिनांना, जाऊन भिडतात. हे सगळं मिलिसेकंदभरात उरकतं. मला यात सर्वांत नवल वाटतं ते दारांच्या जागेचं. जलद सिनॅप्समध्ये ती पिशवीपासून काही दहा नॅनोमीटरवरच असतात. लांब असती, तर कॅल्शियम वाटेतच विरळ होऊन गेलं असतं.

इतकी चोख व्यवस्था असूनही निरोप दर वेळी पोचत नाही.

१९५०च्या सुमारास लंडनमध्ये बर्नार्ड कात्झ आणि पॉल फॅट बेडकाच्या स्नायूतली वीज मोजत होते. चेतातंतू गप्प होता, तरी अधूनमधून अर्ध्या मिलिव्होल्टच्या आसपासची बारीक थरथर दिसायची. पुढे कात्झ आणि होसे देल कास्तियो यांनी कॅल्शियम कमी करून तंतूला चेतवलं. स्नायूचा प्रतिसाद त्याच थरथरीच्या पटीत आला: एकपट, दुप्पट, तिप्पट आणि कित्येकदा शून्य. म्हणजे रसायन सुटतं ते पुड्यापुड्यांनी, आणि पुडी सुटेल की नाही हा शक्यतेचा भाग. कात्झ यांना १९७०च्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला.

मेंदूतल्या अनेक लहान सिनॅप्समध्ये संदेश आला तरी निम्म्याहून अधिक वेळा काहीच सुटत नाही. मग भरवसा येतो कुठून?

जिथे चूक परवडत नाही तिथे शरीर सढळ हाताने खर्च करतं. चेतातंतू आणि स्नायू यांच्या जोडावर एका संदेशाला डझनावारी पिशव्या रित्या होतात, गरजेपेक्षा कितीतरी जास्त. मायस्थेनिया ग्रॅव्हिस या आजारात शरीराचीच प्रतिपिंडं ग्राहींवर हल्ला करतात आणि ही शिल्लक खाऊन टाकतात. अशा रुग्णाच्या पापण्या सकाळी बऱ्या असतात, पण दिवसभराच्या वापराने संध्याकाळपर्यंत मिटू लागतात. आवाजाची दिशा ओळखणाऱ्या मार्गावर तर एकाच पेशीचं टोक दुसरीला मुठीसारखं कवेत घेतं. त्यात पिशव्या सोडणाऱ्या शेकडो जागा असतात.

बाकीच्या ठिकाणी मोजदाद एकत्र होते. एका चेतापेशीवर हजारो सिनॅप्स असतात, त्यामुळे एखाददुसरा गप्प राहिला तरी बिघडत नाही. शिवाय तो कायमचा गप्प नसतो. पहिल्या संदेशानंतर काही मिलिसेकंदांतच दुसरा आला, तर आधीचं थोडं कॅल्शियम अजून आत रेंगाळत असतं. त्यामुळे पहिल्या वेळी न सुटलेली पिशवी या वेळी सुटण्याची शक्यता वाढते.