स्पिन की स्पायरल? आधी स्पीडचा काटा बघा

विमानाचं नाक खाली, खिडकीतून उसाचे पट्टे आणि कृष्णेचं वळण गरागरा फिरतंय, अल्टिमीटरचे (उंची दाखवणाऱ्या यंत्राचे) काटे उलटे पळतायत. हे स्पिन असेल किंवा स्पायरल. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात आणि पोटात दोन्हींनी गोळा येतो. सातारा-सांगलीकडून पीपीएलला (खासगी वैमानिक परवान्याला) जाणारी पोरं लेखी परीक्षेत दोन्हींची व्याख्या बरोबर लिहितात, पण हवेत एकाचं औषध दुसऱ्याला देतात. औषधं मात्र जवळपास उलटी आहेत.

स्पिनमध्ये विमान स्टॉल झालेलं असतं, स्पायरलमध्ये नसतं. (स्टॉल म्हणजे इंजिन बंद पडणं नव्हे. मोटरसायकलवरची ही समजूत पहिल्याच आठवड्यात सोडलेली बरी.) पंखावर हवा साधारण १५-१६ अंशांपेक्षा जास्त तिरकी आली की ती पंखाला धरून वाहत नाही आणि लिफ्ट (पंखाची उचल) कोसळते. नेमक्या त्या वेळी डावा रडर (पायानं चालवायचं शेपटीचं सुकाणू) दाबलेला असेल तर डावा पंख जास्त स्टॉल होतो, खाली पडतो आणि मागे खेचला जातो. उजव्यात थोडी लिफ्ट शिल्लक असते. एक पंख खेचतोय, दुसरा उचलतोय, म्हणून गिरकी आपली आपण चालू राहते. उंची भराभर जाते, पण स्पीड कमीच राहतो.

स्पायरलमध्ये पंख ठणठणीत असतात. आधी बँक (बाजूचा कल) नकळत वाढते, मग नाक झुकतं, मग स्पीड चढतो. उंची जाताना दिसली की शिकणारा योक (हातातलं स्टिअरिंग; ओढलं की नाक वर, ढकललं की खाली) ओढतो आणि इथेच घात होतो. पंख ६० अंश कललेले असताना योक ओढला तर नाक वर येत नाही, वळण आणखी आवळतं. वळण आवळलं की जी (शरीरावर आणि पंखांवर येणारा भार) वाढतो, नाक अजून झुकतं, स्पीड अजून चढतो.

म्हणून आधी स्पीडचा काटा. सेस्ना १५२ या छोट्या प्रशिक्षण विमानात हिरवा पट्टा (नेहमीच्या वापराचा वेग) ४० नॉटला सुरू होतो, लाल रेघ (कधीच ओलांडायचा नाही तो वेग) १४९ ला आहे. काटा हिरव्याच्या तळाशी घुटमळत असेल तर स्पिन. १००, ११०, १२० असा चढत असेल आणि वाऱ्याचा आवाज वाढत असेल तर स्पायरल. गिरकी कुठल्या बाजूला ते टर्न कोऑर्डिनेटरमधल्या (वळण दाखवणाऱ्या यंत्रातल्या) छोट्या विमानावरून ठरवा. स्पिनमध्ये त्याच्या खालच्या बॉलवर (घसरण दाखवणाऱ्या गोळीवर) भरवसा ठेवू नका.

स्पिन असेल तर थ्रॉटल (इंजिनाचा जोर ठरवणारा दांडा) पूर्ण मागे, एलरॉन (पंखांच्या मागच्या कडेच्या, विमान कलवणाऱ्या झडपा) न्यूट्रल, म्हणजे मधोमध. मग गिरकीच्या उलट बाजूचा रडर पूर्ण टेकेपर्यंत. तो टेकला की लगेच योक झटकन पुढे, स्टॉल तुटेल इतका. गिरकी थांबेपर्यंत तसंच धरा. थांबली की रडर सरळ, आणि मग हळूच डाइव्हमधून बाहेर. इथे तीन चुका नेहमीच्या. रडर तसाच दाबून ठेवला तर विमान उलट्या बाजूच्या स्पिनमध्ये जाऊ शकतं. योक घाईनं ओढला तर पुन्हा स्टॉल. आणि पडलेला पंख एलरॉननं उचलायला गेलात तर त्याच पंखाचा एलरॉन खाली येतो, हवा आणखी तिरकी लागते आणि स्पिन घट्ट होतो. हात सवयीनं हेच करायला धावतो.

स्पायरलमध्येही थ्रॉटल मागेच, पण आधी एलरॉन आणि रडर मिळून पंख सरळ करायचे आणि योक नंतर, अगदी हलका. वाढलेल्या स्पीडमुळे नाक आपणहून वर येतं. कधी कधी तर त्याला थोडं रोखावं लागतं. १५२ चा मॅन्युव्हरिंग स्पीड पूर्ण वजनाला १०४ नॉट. त्याच्या वर असताना जोरात ओढलं तर पंख स्टॉल होण्याआधी ४.४ जीची मर्यादा ओलांडू शकतो. इथे चुकून स्पिनचं औषध दिलं, म्हणजे योक पुढे ढकलला, तर काटा लाल रेघेकडे धावतो.

गोंधळ वाढवणारी आणखी एक गोष्ट: सराव करताना योक पूर्ण मागे धरून ठेवला नाही तर स्पिनचंच स्पायरल होऊ शकतं. म्हणजे एकदा ओळखून भागत नाही, काटा बघत राहावं लागतं.

उंचीचा हिशेबही जमिनीपासून करा. १५२ च्या पुस्तकाप्रमाणे एका गिरकीला रिकव्हरीसकट (सावरण्यासकट) सुमारे १,००० फूट जातात, आणि रिकव्हरी जमिनीपासून ४,००० फुटांच्या बरीच वर पूर्ण झाली पाहिजे. कराडची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे १,९०० फुटांवर आहे. क्यूएनएच लावलेल्या, म्हणजे समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवणाऱ्या, अल्टिमीटरवर ते ४,००० म्हणजे ५,९००. फ्लॅप (उतरताना खाली सोडायच्या पंखाच्या पट्ट्या) खाली असताना मुद्दाम स्पिन करायला मनाई आहे.

प्रत्यक्षात दोघं भेटतात वेगवेगळ्या ठिकाणी. स्पायरल ढगात. आषाढात कोयनेच्या बाजूला ढग डोंगरावर टेकतात, क्षितिज जातं आणि तोल सांगणारे कान खोटं सांगू लागतात. जत्रेतल्या मौत का कुआँमधला मोटरसायकलवाला भिंतीवर आडवा असूनही सीटवर घट्ट दाबलेला असतो. स्पायरलमध्ये बसलेल्यालाही तसंच सगळं सरळ वाटतं. १९५४ साली इलिनॉय विद्यापीठात २० विद्यार्थ्यांना असं क्षितिजाविना उडवून पाहिलं. विसाच्या वीस जणांचा ताबा गेला, सरासरी १७८ सेकंदांत.

स्पिन गाठतो तो बहुतेकदा बेसवरून (पट्टीला आडव्या टप्प्यावरून) फायनलला (पट्टीच्या रेषेतल्या शेवटच्या टप्प्याला) वळताना. कराडची पट्टी साधारण पूर्व-पश्चिम. पश्चिमेकडे तोंड करून, डाव्या सर्किटनं (पट्टीभोवती सगळी वळणं डावीकडे घेत) उतरताना नैर्ऋत्येचा वारा बेसवर पाठीमागून ढकलतो आणि पट्टीची रेषा ओलांडली जाते. बँक वाढवायची भीती वाटते म्हणून विद्यार्थी डावा रडर जास्त दाबतो, नाक झुकलं की योक ओढतो, आणि आतला पंख पडतो. तेव्हा हाताशी असतात ३००-४०० फूट, लागतात हजार. तिथे कुठलंच औषध पुरत नाही. रेषा ओलांडली की रडरनं ओढून आणायचं नाही, पंख सरळ करायचे, थ्रॉटल पूर्ण पुढे आणि गो-अराउंड, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा फेरी.