आरसा गरम की गार?

घशाच्या डॉक्टरांकडे अजूनही कधीकधी दिसतो तो लांब दांड्याचा छोटा गोल आरसा. डॉक्टर तो आधी शेकून घेतात, गॉजच्या तुकड्यात जीभ धरून बाहेर ओढतात, आरसा पडजिभेला टेकवतात आणि ‘ई’ म्हणायला सांगतात. शेकला नाही तर श्वासाच्या वाफेने तो धुरकटतो आणि आतलं काही दिसत नाही. स्पीच थेरपिस्ट मात्र तसलाच आरसा मुद्दाम गार ठेवतात, नाकपुड्यांखाली धरतात आणि ‘पा पा पा’ म्हणवून घेतात. तो धुरकटला, तर तोंडातून जायची हवा नाकातून निसटते आहे असं समजायचं. आवाजाच्या तपासणीचा बराचसा इतिहास या एका आरशाभोवती फिरतो.

आरशाआधी होते ते फक्त कान, पण ते चांगलेच तयार होते. ‘पाणिनीय शिक्षा’ या उच्चारशास्त्राच्या जुन्या ग्रंथात पठणाचे दोष सांगताना उद्घृष्ट, अव्यक्त, अनुनासिक, काकस्वर असे शब्द येतात. पुढे 13व्या शतकात देवगिरीच्या सिंघण यादवाच्या दरबारात शार्ङ्गदेवांनी ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. हे गृहस्थ दरबारात हिशेबाचं खातं सांभाळत. याद्या करायची हौस तिथूनच आली असावी. गायकाचे त्यांनी 25 दोष मोजले. दात आवळून गाणारा तो संदष्ट. गाताना कपाळाच्या, मानेच्या शिरा फुगतात तो झोंबक, गाल भोपळ्यासारखे फुगतात तो तुंबकी, आणि नाकातून गातो तो सानुनासिक. खुद्द आवाजाचे दोष वेगळे: रूक्ष, स्फुटित, कृश, भग्न वगैरे. ‘निःसार’ आवाज म्हणजे एरंडाच्या दांड्यासारखा पोकळ. हवा मिसळलेल्या, पोकळ आवाजाचं याहून नेमकं वर्णन मला तरी सापडलेलं नाही. झोंबक आणि संदष्ट तर कानाने नव्हे, डोळ्याने पकडलेले दोष आहेत. मानेच्या ताणलेल्या शिरा आणि आवळलेला जबडा आजच्या तपासणीतही पाहतातच.

डोळा घशाच्या आत नीट पोचला तो 1854मध्ये, आणि तोही एका गायनशिक्षकामुळे. माद्रिदमध्ये जन्मलेले मान्युएल गार्सिया गाणं शिकवण्यात मुरलेले होते. आवाज निघताना आत काय होतं, हे पाहायचा त्यांना ध्यास होता. पॅरिसमध्ये फिरताना खिडकीच्या काचांवर चमकणारं ऊन दिसलं आणि त्यांना युक्ती सुचली. शस्त्रक्रियेची अवजारं विकणाऱ्या दुकानातून त्यांनी 6 फ्रँकला दंतवैद्याचा आरसा घेतला. 1851च्या लंडनच्या प्रदर्शनात त्याला कोणी विचारलं नव्हतं. तो गरम करून घशात धरला, हातातल्या दुसऱ्या आरशाने त्यावर ऊन पाडलं आणि स्वतःचेच स्वरतंतू उघडझाप करताना पाहिले. 1855मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्यांनी हे मांडलं.

व्हिएन्नाचे डॉक्टर ट्युर्क यांनी 1857च्या उन्हाळ्यात रुग्णांवर आरसा वापरून पाहिला, पण ऊन उतरलं तसं काम थांबवलं. त्यांचेच आरसे मागून नेऊन शरीरक्रियाशास्त्रज्ञ चेर्माक यांनी दिव्याच्या उजेडावर काम चालू ठेवलं. मग श्रेय कोणाचं यावरून दोघांचं जुंपलं. गार्सिया मात्र 101 वर्षं जगले.

दिसलं म्हणजे कळलं, असंही नाही. 1887मध्ये जर्मनीचा युवराज फ्रीडरिख याचा आवाज बसला. जर्मन डॉक्टरांना कर्करोगाचा संशय होता आणि ते शस्त्रक्रियेच्या तयारीत होते. लंडनहून बोलावलेले घशाचे डॉक्टर मोरेल मॅकेन्झी यांनी आरशात बघून तुकडा काढला. तो तुकडा तपासणारे विकृतिशास्त्रज्ञ फिर्शो यांना त्यात कर्करोग आढळला नाही आणि शस्त्रक्रिया राहिली. नोव्हेंबरमध्ये मात्र निदान पक्कं झालं. मार्च 1888मध्ये फ्रीडरिख सम्राट झाला तेव्हा गळ्याला भोक पाडलेलं होतं आणि तो चिठ्ठ्या लिहून बोलत होता. 99 दिवसांनी तो गेला. तुकडा योग्य जागेचा होता का, यावर दोन्ही बाजूंचे डॉक्टर पुढेही भांडत राहिले.

आरशाची आणखी एक अडचण होती. स्वरतंतू सेकंदाला शंभर-दोनशे वेळा किंवा त्याहून जास्त कंप पावतात आणि डोळ्याला ते पुसट दिसतात. 1878मध्ये म्युनिकच्या ओर्टेल यांनी खंडित उजेडाची, म्हणजे स्ट्रोबोस्कोपची, युक्ती घशाला लावली आणि कंपन जणू सावकाश होताना दिसू लागलं. तरी जीभ ओढलेलीच, त्यामुळे माणूस ‘ई’पलीकडे काही बोलू शकत नव्हता. आवाज तपासायचा आणि बोलू द्यायचं नाही! ही विसंगती सुटली ती 1968च्या सुमाराला, जेव्हा जपानमध्ये सावाशिमा आणि हिरोसे यांनी नाकातून जाणारी लवचिक दुर्बीण वापरली.

त्याच जपानमधून कानाचीही मोजपट्टी आली. हिरानो यांनी 1981मध्ये जगापुढे नेलेल्या ‘जीआरबीएएस’ पट्टीत आवाज एकूण किती बिघडला, किती घोगरा, किती हवा मिसळलेला, किती क्षीण, किती ताणलेला, याला 0 ते 3 गुण देतात. शार्ङ्गदेवांची यादी आठवते ना? फरक एवढाच की इथे दोन परीक्षकांचे गुण जुळतात का, हेही तपासतात.

नाकाचं प्रकरण वेगळं आहे आणि तिथे आपली भाषा थोडी फसवते. सर्दी झालेल्यालाही आपण ‘गेंगाणा’ म्हणतो आणि टाळू दुभंगलेल्या मुलालाही. प्रत्यक्षात दोन्ही उलट आहेत. सर्दीत नाक बंद असतं, म्हणून ‘मामा’चं ‘बाबा’ होतं. टाळूच्या दोषात नाकाचं दार, म्हणजे टाळूचा मागचा मऊ भाग, नीट लागत नाही, म्हणून ‘बाबा’चं ‘मामा’ होऊ लागतं. म्हणूनच तपासताना एकही अनुनासिक नसलेलं वाक्य वेगळं म्हणवतात आणि ‘मामी, नाना’वालं वेगळं. बर्लिनच्या गुट्समान यांची 20व्या शतकाच्या सुरुवातीची चाचणी आणखी साधी: ‘आ-ई, आ-ई’ म्हणायचं आणि तपासणाऱ्याने मधूनमधून नाक चिमटीत धरायचं. नाक धरल्यावर आवाज बदलला, तर दार उघडं आहे. 1970मध्ये अमेरिकेच्या फ्लेचर यांनी नाकाचा आणि तोंडाचा आवाज वेगवेगळा पकडायला दोन मायक्रोफोन लावले. त्यातून 1986मध्ये नेझोमीटर आला आणि नाकातल्या आवाजाची टक्केवारी मिळू लागली. पण वाचायला दिलेल्या उताऱ्यात ‘म’, ‘न’ किती, यावर ती टक्केवारी हलते, त्यामुळे इंग्रजी उताऱ्यावरचे आकडे मराठी मुलाला लावता येत नाहीत.

आपल्याकडे या विषयाचं शिक्षण 1960च्या दशकात रुजलं. म्हैसूरची वाक्-श्रवण विषयाची राष्ट्रीय संस्था 1965ची, तर मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग संस्था 1983ची. आजही तिथून शिकून बाहेर पडलेला थेरपिस्ट रुग्ण आला की आधी टॉर्च लावून टाळू बघतो, जीभ उजवीकडे-डावीकडे फिरवायला सांगतो, ‘पटक पटक पटक’ भराभर म्हणवून घेतो. यंत्राचं बटण त्यानंतर दाबलं जातं.