डोपामिन ‘वाढलं’ म्हणजे नेमकं काय मोजलं?

‘कोकेनमुळे उंदराच्या मेंदूत डोपामिन वाढलं’ असं वाचलं की हे डोपामिन, म्हणजे मेंदूतल्या पेशींमधलं एक संदेशवाहक रसायन, कोणत्या पद्धतीनं मोजलं ते मी आधी शोधते. मायक्रोडायलिसिस आणि फास्ट-स्कॅन सायक्लिक व्होल्टॅमेट्री या दोन्ही पद्धती जाग्या, हिंडत्याफिरत्या उंदरावर वापरता येतात. म्हणून त्यांचे आकडे सर्रास एकत्र मांडले जातात. मला ते पटत नाही.

मायक्रोडायलिसिसमध्ये मेंदूत साधारण पाव मिलिमीटर जाडीची नळी बसवतात. तिच्या टोकाला सच्छिद्र पडदा असतो आणि आतून मेंदूतल्या द्रवासारखं खारं पाणी मिनिटाला एक-दोन मायक्रोलिटर या संथ गतीनं वाहतं. पेशींबाहेरचे छोटे रेणू पडद्यातून आत झिरपतात. बाहेर आलेलं पाणी क्रोमॅटोग्राफीनं, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करणाऱ्या पद्धतीनं, तपासलं की डोपामिन, सेरोटोनिन, ग्लुटामेट ही संदेशवाहक रसायनं वेगवेगळी ओळखू येतात. मात्र एक नमुना साठायला सहसा पाच ते वीस मिनिटं लागतात, आणि तेवढ्या वेळात जे जे घडलं ते सगळं त्यात मिसळून जातं.

व्होल्टॅमेट्रीत कार्बनचा जेमतेम सात मायक्रॉनचा तंतू असतो. त्यावरचा विद्युतदाब सेकंदाला दहा वेळा उणे ०.४ पासून अधिक १.३ व्होल्टपर्यंत नेऊन परत आणतात. ०.६ व्होल्टच्या आसपास डोपामिन इलेक्ट्रॉन सोडतं. तो प्रवाह मोजायचा. पण दाब इतक्या झपाट्यानं बदलताना तंतूचा स्वतःचा प्रवाह त्याहून कितीतरी मोठा असतो. तो वजा करावा लागतो आणि त्याबरोबर मूळ पातळीही जाते. त्यामुळे आधी डोपामिन किती होतं, हे ही पद्धत सांगूच शकत नाही. फक्त बदल दाखवते. ग्लुटामेट तर तिला दिसतच नाही, आणि नॉरॲड्रेनलिन या दुसऱ्या संदेशवाहकाची खूण डोपामिनसारखीच उमटते. म्हणून तंतू मेंदूत नेमका कुठे आहे, म्हणजे तिथे यांपैकी कोणतं रसायन जास्त असतं, हे फार महत्त्वाचं.

इटलीतल्या कालियारी इथं दि कियारा आणि इम्पेराटो यांनी १९८८ मध्ये मायक्रोडायलिसिसनं दाखवलं, की दारू, निकोटिन, कोकेन यांसारख्या व्यसनी पदार्थांनी मेंदूच्या बक्षीस-यंत्रणेतल्या न्यूक्लियस अ‍ॅक्युम्बन्समधलं डोपामिन वाढतं. ती पातळी मिनिटामिनिटांनी चढणारी होती. २००३ मध्ये फिलिप्स, वाइटमन आणि सहकाऱ्यांनी मेंदूच्या त्याच भागात व्होल्टॅमेट्री लावली, तेव्हा कोकेनसाठी कळ दाबायला शिकलेल्या उंदरांत कळीकडे वळण्याआधीच्या काही सेकंदांत डोपामिनची छोटी उसळी दिसली. विजेनं तशीच उसळी मुद्दाम घडवली, तर उंदीर कळीकडे जाऊ लागले. पाच मिनिटांच्या नमुन्यात ही उसळी कुठेच सापडली नसती.