अकाली अंडाशय अकार्यक्षमता
वयाच्या चाळिशीआधी अंडाशयांचे कार्य मंदावणे किंवा बंद पडणे. पाळी अनियमित होते वा थांबते.

संज्ञेबाबत मतभेद आहेत. अमेरिकी अंतःस्रावतज्ज्ञ फुलर ऑलब्राइट व सहकाऱ्यांनी १९४२ मध्ये ‘प्राथमिक अंडाशय अकार्यक्षमता’ असा शब्दप्रयोग केला. दोष मेंदूच्या तळाशी असलेल्या व अंडाशयांना चालना देणाऱ्या पोष ग्रंथीत (पिट्युटरी) नसून अंडाशयातच आहे, हे त्यातून सूचित होते. पुढे ‘अंडाशय निकामी होणे’ हे नाव रूढ झाले. जुने नावच अधिक योग्य वाटते, कारण काही स्त्रियांत अंडाशय मधूनमधून काम करतात आणि सुमारे ५ टक्के स्त्रियांना उपचारांविना गर्भधारणाही होते. विशी-पंचविशीतल्या मुलीच्या कागदावर ‘निकामी’ लिहिणे अचूक नाही, आणि तिच्यावर अन्यायही आहे.

निरोगी अंडाशयातील पुटके (बीजांड वाढवणाऱ्या सूक्ष्म पिशव्या) एस्ट्रॅडिओल (मुख्य एस्ट्रोजेन) व इन्हिबिन-बी ही हॉर्मोने स्रवतात. दोन्ही पोष ग्रंथीला आवर घालतात. पुटके सरली की हा आवर सुटतो व पुटकोद्दीपक हॉर्मोन (एफएसएच) वाढते. पोष ग्रंथीचे दुसरे हॉर्मोन, एलएच, हेही वाढते, पण सहसा कमी प्रमाणात; इन्हिबिनचा दाब मुख्यतः एफएसएचवर असतो. पुटकांच्या साठ्याचा निदर्शक असलेले अँटी-म्युलेरियन हॉर्मोन (एएमएच) अत्यल्प होते. पुरुषी हॉर्मोनांची पातळीही सरासरीने थोडी घटते. मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथीही ही हॉर्मोने स्रवत असल्याने ती पूर्ण ओसरत नाही.

निदानासाठी पूर्वी एफएसएच लिटरला ४० एककांवर असावे असे मानत. आता २५ ही मर्यादा अधिक मान्य आहे. मात्र पातळी हेलकावे खाते. एका तपासणीत ७० आलेला आकडा पुढच्या खेपेस १५ वरही येऊ शकतो, म्हणून एका सामान्य अहवालावरून शंका सोडून देऊ नये.

कारण बहुधा सापडत नाही. टर्नर लक्षणसमूह (एक एक्स गुणसूत्र नसणे वा अपूर्ण असणे), एक्स गुणसूत्रावरील एफएमआर१ जनुकातील बदल, स्वप्रतिरक्षा विकार (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच पेशींवर उलटणे), किरणोपचार व रसायनोपचार ही ज्ञात कारणे होत.

एस्ट्रॅडिओल घटल्याने अंगातून वाफा निघतात, रात्री घामाने उशी भिजते, योनी कोरडी पडते. हाडे मात्र काहीही न जाणवता विरळ होतात. हॉर्मोने टाळावीत असे काही कारण नसल्यास साधारण पन्नाशीपर्यंत एस्ट्रोजेन, आणि गर्भाशय असल्यास जोडीला प्रोजेस्टेरॉन देतात.

शस्त्रक्रियेने दोन्ही अंडाशय काढल्यास हीच घसरण काही दिवसांत होते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला. त्यांतील अनेकजणी चाळिशीच्या आतल्या होत्या. अशा वेळी अंडाशय ठेवले की काढले, याची नोंद स्त्रीच्या हाती असणे अत्यावश्यक आहे. पुढचे उपचार त्यावरच ठरतात.