विकिपीडियावर जाहिराती का नाहीत?

विकिपीडियाच्या पानावर दरवर्षी देणगीचे आवाहन झळकते, तेव्हा एक प्रश्न हमखास येतो: इतके वाचक असताना जाहिराती का घेत नाहीत? या प्रश्नाचा निकाल २००२ मध्येच लागला आणि तो लावला विनामोबदला राबणाऱ्या लेखकांनी.

विकिपीडियाचा जन्म मुळात जाहिरातींच्या पैशावरच झाला. जिमी वेल्स यांची बोमिस ही कंपनी वेबसाइटवरच्या जाहिरातींतून कमवत असे. तिने २००० मध्ये न्यूपीडिया हा ज्ञानकोश सुरू केला. लेख तज्ज्ञांनी लिहायचे, सात टप्प्यांच्या तपासणीतून जायचे, आणि लॅरी सँगर हे पगारी संपादक. काम फारच संथ चालले, म्हणून जोडीला १५ जानेवारी २००१ रोजी कुणालाही लिहिता येईल असा विकिपीडिया उघडला. सर्व्हर बोमिसचे, पगारही बोमिसचा.

तेवढ्यात डॉटकॉम मंदीने, म्हणजे इंटरनेट कंपन्यांचा फुगा फुटल्याने, जाहिरातींचे उत्पन्न आटले. २००२ च्या सुरुवातीला सँगर यांचा पगार थांबला. त्याच सुमारास, विकिपीडियावर जाहिराती येऊ शकतात असे त्यांनी स्वयंसेवकांपुढे बोलून दाखवले. स्पॅनिश विकिपीडियाचे लेखक संतापले. आपल्या फुकटच्या श्रमांवर कंपनीने पैसे कमवावेत हे त्यांना मान्य नव्हते. फेब्रुवारी २००२ मध्ये ते सरळ बाहेर पडले आणि सगळा मजकूर उचलून सेव्हिल विद्यापीठाच्या सर्व्हरवर ‘एन्सिक्लोपेदिया लिब्रे’ नावाने वेगळी चूल मांडली. मजकुराचा परवाना मुक्त, म्हणजे कुणीही तो घेऊन, बदलून पुन्हा प्रसिद्ध करू शकेल असा, असल्याने कुणाची परवानगी घ्यावी लागली नाही. पुढे काही काळ हा फुटीर कोश स्पॅनिश विकिपीडियापेक्षा मोठा होता.

या साऱ्या इतिहासात मला हाच प्रसंग सर्वांत मोलाचा वाटतो. मुक्त परवाना ही वाचकांची सोय, असे आपण धरून चालतो. इथे त्याने लेखकांना नकाराचा अधिकार दिला. मालकाचे पटले नाही तर मजकुरासकट निघून जाता येते, हे एकदा दिसल्यावर जाहिरातींचा विषय मागे पडला. त्याच वर्षी विकिपीडियाचा पत्ता डॉट कॉमवरून डॉट ऑर्ग झाला आणि २० जून २००३ रोजी विकिमीडिया फाउंडेशन ही ना-नफा संस्था स्थापन झाली. मराठी विकिपीडिया त्याआधी काही आठवडे, १ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनी सुरू झाला होता.

मग खर्च भागणार कसा? छोट्या देणग्यांतून. २०१० च्या मोहिमेत ५० दिवसांत ५ लाखांहून अधिक लोकांनी मिळून १ कोटी ६० लाख डॉलर दिले. २०१६ मध्ये कायमस्वरूपी निधी उभारायला घेतला; २०२१ मध्ये त्याने १० कोटी डॉलरचा टप्पा गाठला. गंगाजळी अशी वाढत असताना आवाहनांचा सूर मात्र विकिपीडिया जणू धोक्यात असल्यासारखाच राहिला. २०२२ मध्ये इंग्रजी विकिपीडियाच्या स्वयंसेवकांनी अशा भाषेला जाहीर विरोध केला आणि फाउंडेशनला मजकूर बदलावा लागला. ते योग्यच झाले. वाचकाला घाबरवून मिळालेला पैसा हा विश्वासावर काढलेला उपसा असतो.

दुसरा मार्ग २०२१ मध्ये निघाला: विकिमीडिया एंटरप्राइझ. परवान्यानुसार मजकूर व्यापारी वापरासाठीही खुला आहे, त्यामुळे तो विकण्याचा प्रश्नच नव्हता. मोठ्या कंपन्यांना तो वेगाने, नीट रचलेल्या स्वरूपात आणि खात्रीने पुरवायचा, एवढ्याच सेवेचे पैसे घ्यायचे. जून २०२२ मध्ये गूगल पहिला ग्राहक झाला. कंपन्यांच्या पैशावर संस्था विसंबू नये म्हणून अशा उत्पन्नाला मर्यादाही घालून घेतली आहे.

आता ताण आहे तो एआयचा, म्हणजे त्यासाठी मजकूर आपोआप गोळा करणाऱ्या बॉट प्रोग्रामचा. जानेवारी २०२४ पासून सव्वा वर्षात चित्रे आणि व्हिडिओ उतरवून घेण्याचा भार ५० टक्क्यांनी वाढला, आणि सर्व्हरवर येणाऱ्या सर्वांत खर्चिक मागण्यांपैकी ६५ टक्के बॉटच्या आहेत, असे फाउंडेशनने एप्रिल २०२५ मध्ये सांगितले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, माणसांनी पाहिलेल्या पानांची संख्या आदल्या वर्षातील त्याच महिन्यांच्या तुलनेत सुमारे ८ टक्क्यांनी घटल्याचे जाहीर झाले. देणगीचे आवाहन पानावर येणाऱ्यालाच दिसते, ‘संपादन’ हे बटणही त्यालाच दिसते. चॅटबॉटकडून उत्तर घेणाऱ्यापर्यंत यातले काहीच पोहोचत नाही.