"भिया, नया ही डाल देते हैं" : कार्बोरेटर साफ करायचा सोडून बदलायला कधी लागलो

इंदूरमध्ये छोटी ग्वालटोलीत म्हणा किंवा सियागंजच्या आसपास, कुठल्याही मेकॅनिककडे पाण्याचा पंप, जनरेटर, ब्रश कटर नाहीतर जुनी स्कूटर घेऊन जा आणि सांगा की इंजिन मिसिंग मारतंय. गडी अजून कार्बोरेटरची कटोरी उघडतही नाही तोवर बोलून मोकळा, "भिया, नया ही डाल देते हैं". घरातली मोठी माणसं यावर जाम चिडतात, आजकाल कोणाला हात काळे करायचेच नाहीयेत म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. मेकॅनिक आळशी असतीलही, पण ही सवय काही त्यांनी लावलेली नाही, ती लागायला बरीच वर्षं गेलीत आणि सुरुवात तर उलट्याच कारणानं झाली होती, म्हणजे माल स्वस्त होता म्हणून नाही, मिळतच नव्हता म्हणून.

आधी थोडं मूळ. कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल हवेत मिसळून इंजिनाला देणारा भाग, आणि हे मिसळायचं कसं हा प्रश्न इंजिनाइतकाच जुना. बेन्झच्या सुरुवातीच्या गाडीत पेट्रोलच्या पृष्ठभागावरून वाफ उठवून ती ओढायचे. १८९३ च्या सुमारास हंगेरीत बांकी आणि चोंका या जोडीनं आणि जर्मनीत मायबाखनं बारीक भोकातून पेट्रोल फवारायची पद्धत आणली, आणि तत्त्व म्हणाल तर आजही तेच आहे. अरुंद गळ्यातून हवा जोरात जाते, तिथला दाब कमी होतो, खालच्या कटोरीतलं पेट्रोल जेटमधून, म्हणजे बारीक भोकाच्या नळीतून, वर ओढलं जातं. कटोरीत लेव्हल राखायला फ्लोट, म्हणजे पेट्रोलवर तरंगणारा भाग, आणि त्याची पिन. बस एवढंच. त्यामुळे बिघाडही ठरलेले, जेटमध्ये कचरा, पिन झिजून ओव्हरफ्लो, गॅस्किट गेलं की हवा पकडणं.

आता आपल्याकडचं. लायसन्स-परमिटच्या काळात गाडी मिळायलाच वर्षानुवर्षं नंबर लागायचा, तिथे पार्टची काय कथा. बुलेटवर ब्रिटिश अमल कार्बोरेटर, मैसूरला १९६१ पासून बनायला लागलेल्या जावावर चेकोस्लोव्हाकियातला जिकोव्ह, चेतकवर स्पाको. हे कार्बोरेटर पितळी बुश-जेट बदलून, लॅपिंग करून म्हणजे घासून सपाट करून, कधी फ्लोटला डाग देऊन पिढीभर चालवले गेले. पण हवेचा रस्ता कमी-जास्त करणारी स्लाइडच झिजली, ती बॉडीत खडखडायला लागली की मग इलाज नाही, आयडल, म्हणजे उभ्या गाडीचं संथ चालणं, बसतच नाही, कितीही स्क्रू फिरवा. मग लोकांनी काय केलं तर जे मिळतंय ते बसवलं. ऐंशीच्या दशकात चेन्नईच्या युकॅल कंपनीनं जपानच्या मिकुनीबरोबर मिळून इथेच कार्बोरेटर बनवायला घेतले, आणि मिककार्ब व्हीएम२४ नावाची वस्तू बुलेटवाल्यांच्या, येझदीवाल्यांच्या (येझदी म्हणजे जावाचंच पुढचं नाव) हाती आली. जिकोव्ह काढून व्हीएम टाकणं ही त्या वेळची अगदी नेहमीची गोष्ट. थोडं अडॅप्टर, थोडी केबल कापाकापी, जेट दोन-तीन बदलून बघायचे, जमलं तर गाडी आधीपेक्षा बरी चालायची. आफ्टरमार्केट आफ्टरमार्केट, म्हणजे कंपनीबाहेरचा पार्ट, म्हणून आज जे ओरडतात त्यांनी हे लक्षात ठेवावं, आपले वडील-काका हेच करत होते, फक्त डोकं वापरून.

इंदूरकरांसाठी मधला टप्पा म्हणजे कायनेटिक होंडा, जी आपल्या शेजारी पीथमपूरलाच बनायची. बटण दाबलं की चालू, गिअर नाही, बायका-मुलींनी सुद्धा सर्रास चालवली. आणि तिच्याबरोबर एक नवी गोष्ट गॅरेजात आली, असा कार्बोरेटर जो गल्लीतल्या मेकॅनिकला उघडायचाच नव्हता. चेतकचा कार्बोरेटर डोळे मिटून खोलणारी माणसं इथे जरा बिचकायची. होंडा १९९८ मध्ये भागीदारीतून बाहेर पडली, पुढे कंपनीचा दुचाकीचा धंदा महिंद्राकडे गेला, पण जुन्या गाड्या रस्त्यावर राहिल्याच आणि त्यांना पार्ट लागतच राहिले.

खरा उलटफेर मात्र स्कूटरनं नाही, जनरेटरनं आणि पंपानं केला. २००० मध्ये छत्तीसगड वेगळं झालं, वीज तिकडे जास्त राहिली, आणि मध्य प्रदेशात जी कपात सुरू झाली ती ज्यांनी बघितली त्यांना सांगायला नको. २००३ ची निवडणूक बिजली-सडक-पानीवर झाली म्हणतात ते उगाच नाही. त्या दिवसांत संध्याकाळी दुकानादुकानांपुढे छोटा जनरेटर धुगधुगत असायचा, बरेच रॉकेलवर चालणारे. पेट्रोलवर चालू करायचा, गरम झाला की कॉक फिरवून रॉकेलवर घ्यायचा, आणि बंद करायच्या आधी परत पेट्रोलवर आणायचा म्हणजे कटोरीत पेट्रोल राहील. हे शेवटचं कोण लक्षात ठेवतं! सकाळी दोरी ओढून ओढून खांदा निखळायचा आणि आत चिकट थर बसलेला. वर रेशनचं निळं रॉकेल पेट्रोलमध्येही मिसळलं जायचं, ते वेगळंच. कार्बोरेटर साफ करायचं काम एवढं वाढलं की मजुरीच महाग वाटायला लागली.

आणि नेमकं याच सुमारास चिनी माल यायला लागला. होंडानं १९८३ मध्ये छोट्या इंजिनांची जीएक्स मालिका काढली होती, तिरकं बसवलेलं सिलिंडर, वर व्हॉल्व्ह, साधं आणि दणकट. चीनमध्ये त्याच मापाची इंजिनं बनायला लागली, त्यांना १६८एफ म्हणतात. यातला १ म्हणजे एक सिलिंडर, ६८ म्हणजे ६८ मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा आतला व्यास), एफ म्हणजे एअर कूल्ड. जीएक्स१६० चा बोअरही ६८ च, जीएक्स२०० चाही ६८, फरक फक्त स्ट्रोकचा, म्हणजे पिस्टन किती वर-खाली जातो त्याचा, ४५ आणि ५४. नक्कल इतकी तंतोतंत की बोल्टांमधलं अंतर, गॅस्किट, लीव्हर, सगळं सारखं. म्हणजे काय झालं, जगातल्या कोट्यवधी इंजिनांना एकच कार्बोरेटर बसायला लागला, आणि एकच वस्तू कोटींनी बनली की ती किती स्वस्त होते ते बघा. फुजियान प्रांतातल्या फुदिंग शहरात तर कार्बोरेटरच्या कारखान्यांची रांगच लागली. ब्रश कटर आणि चेन सॉचंही तेच, तिथे फ्लोट नसतो कारण मशीन आडवं-तिरकं धरावं लागतं, त्याऐवजी रबरी पडदा असतो, मूळ काम टिलॉटसन, वॉलब्रो या कंपन्यांचं, आता त्यांच्या नकला. माळव्यात सोयाबीन आणि गहू कापायला ब्रश कटर घरोघरी आले, त्यामुळे हा पार्ट आता खेड्यातल्या कृषी केंद्रात सुद्धा लटकलेला दिसतो.

तिकडे अमेरिकेत १९९७ पासून छोट्या इंजिनांना प्रदूषणाचे नियम लागले, म्हणून कंपन्यांनी जेट फिक्स केले, हवेच्या स्क्रूवर टोपी बसवली, ट्यूनिंगची सोयच काढून टाकली. नकलांनी हेही जसंच्या तसं उचललं. आता साफ करून, फिरवून बघायला आत उरलंच काय? उघडायला अर्धा दिवस घालवायचा आणि नवा काही शे रुपयांत मिळतोय, मेकॅनिकनं काय करावं तुम्हीच सांगा.

पण गोम अशी की बाहेरून सारखा म्हणजे आतून सारखा नाही. जेटचं भोक मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्यात मोजतात, केहिन या जपानी कंपनीच्या कार्बोरेटरमध्ये ७० नंबर म्हणजे साधारण ०.७० मिलिमीटर. मिकुनीचे नंबर तर प्रवाहावर असतात, भोकावर नाही, त्यामुळे एकाचा नंबर दुसऱ्याला लावून चालत नाही. स्वस्त मालात जेटवर छापलेला नंबर आणि खरं भोक यांचा मेळ असेलच असं नाही. यामाहा आरएक्स१०० वर ऑनलाइन मागवलेला पीडब्ल्यूके (केहिनच्या एका मॉडेलची नक्कल) लावून मग दोन महिने प्लग काळा का होतोय विचारणारी पोरं यातूनच येतात. गंमत म्हणजे डब्यावर केहिन लिहिलेल्या नकला आजही धडाक्यात विकल्या जातायत आणि केहिन कंपनी स्वतः २०२१ मध्ये हिताची अस्टेमोमध्ये विलीन होऊन बसलीय.

त्यात आता इथेनॉल. २०२३ पासून ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, यायला लागलं आणि आता बहुतेक पंपांवर तेच मिळतं. इथेनॉल पाणी ओढतं, जस्ताच्या मिश्रधातूच्या कटोरीत पांढरी पावडर जमते, जुने रबर फुगतात. दुसरं, पेट्रोलला साधारण १४.७ पट हवा लागते आणि इथेनॉलला फक्त ९ पट, म्हणजे जुन्या जेटवर मिश्रण पातळ पडतं, हवा जास्त आणि इंधन कमी. कार्बोरेटरऐवजी इंजेक्शननं पेट्रोल फवारणाऱ्या गाडीत सेन्सर ते सांभाळतो, कार्बोरेटरला काय कळतंय. १ एप्रिल २०२० पासून बीएस६ हे प्रदूषणाचे नियम आल्यावर नव्या दुचाकीवर कार्बोरेटर जवळपास संपलाच, त्यामुळे तिथे कंपनीचा माल हळूहळू आटणार आणि जुन्या गाड्यांना डुप्लिकेटशिवाय पर्याय उरणार नाही. सहा महिने बंद पडलेल्या पंपाचा कार्बोरेटर तर पावसाळ्यानंतर उघडूच नये अशा अवस्थेत असतो.

म्हणून जुने-जाणते मेकॅनिक आता मधला रस्ता काढतात आणि मला तोच बरोबर वाटतो. बॉडी नवी, चिनी चालेल, पण जुन्या ओरिजिनलमधला मेन जेट, पायलट (संथ चालीचा जेट) आणि एमल्शन ट्यूब (पेट्रोलमध्ये हवा मिसळणारी भोकांची नळी) काढून, नीट धुऊन त्यात बसवायची. तेव्हा जुना कार्बोरेटर दुकानात सोडून येऊ नका, सुटा करून पिशवीत घालून घरी आणा.